घोट्यामागचा ओढा

सुईची मूठ हलत होती. अगदी बारीक, पण ठेक्यात. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मुलीने मोजलं: मिनिटाला बहात्तर.

शिंपीणबाईंच्या आतल्या घोट्यामागे, हाड आणि टाचेच्या जाड शिरेमधल्या खळग्यात बाबांनी लावलेली सुई उभी होती. लांबून पाहणाऱ्याला जागा बरोबर वाटली असती. पण इथली सुई हलली, तर ती धमनीला टेकली आहे असं समजायचं. आधी बोटाने नाडी शोधायची, तिला बाजूला सारायचं, मग सुई. हा तर बाबांनी शिकवलेला पहिलाच धडा. चिनी वैद्य या बिंदूला मोठा ओढा म्हणतात. मनगटाची नाडी हरवली तरी इथे ठोका लागला, तर माणसात धुगधुगी आहे, असं बाबा सांगत.

तिने अलगद सुई काढली आणि पाच मिनिटं कापूस दाबून धरला.

शिंपीणबाई हसून म्हणाल्या, चुकलेला टाका आम्ही उसवतो, तुम्ही काय करता हो? तीस वर्षांत उसवायची वेळ आली नाही, असं बाबांनी पलंगापलीकडून ऐकवलं. मागच्या आठवड्यात एका मास्तरांचा घोटा जांभळा पडला होता. त्याचा दोष बाबांनी मास्तरांच्या कातडीला दिला होता.

साखरेच्या आजाराने बाबांची बोटं बधिर होत चालली होती. सकाळी उकळत्या चहाचं भांडं त्यांनी चिमट्याशिवाय उचललं आणि बोलत उभे राहिले. एक वाक्य मुलीच्या ओठांवर सहा महिने येत होतं आणि ती ते गिळत होती. पण उद्या आत्या सुया लावून घ्यायला येणार होती. हृदयाच्या ऑपरेशननंतर आत्याला रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू होत्या.

"माझी बहीण आहे, मीच लावणार," बाबांनी बजावलं होतं. "तू आपली ठोके मोजत बस, मोजपट्टी कुठली!"

दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर ती पलंगावर आडवी झाली. रक्तदाबाचा पट्टा पोटरीला गुंडाळून तिने वर चादर ओढली आणि हवा भरली. घोट्यामागे स्वतःचं बोट लावून खात्री केली: एकही ठोका नाही. पाऊल गार पडू लागलं. मग तिने हाक मारली. पाय दुखतोय, जरा नाडी बघता का?

बाबांनी डोळे मिटले, तीन बोटं टेकवली. बराच वेळ गेला.

"ठणठणीत," ते म्हणाले. "ओढा भरून वाहतोय."

चादरीखाली तिने झडप फिरवली. हवा सुस्कारत बाहेर पडली. बाबांनी डोळे उघडले. तिने चादर बाजूला केली, तेव्हा ते आधी पट्ट्याकडे आणि मग आपल्या बोटांकडे बघत राहिले.

"बाबा, आत्याला उद्या सुई मी लावीन. आणि आजपासून तुम्ही कुणालाच लावायची नाही."