टाकीतले आजोबा आणि तिसरा विषय

चिंगीचं सगळं ठरलं होतं. जीवशास्त्र घ्यायचं, भौतिकशास्त्र घ्यायचं आणि तिसरा विषय संगणक. रसायनशास्त्राला लांबूनच नमस्कार! संगणक का, तर टिकली तो घेणार होती, आणि बालवाडीपासून दोघींचा बाक एक. वर्गाच्या बाईंनी कानीकपाळी ओरडून सांगितलं, "अगं, तुला माशांची डॉक्टर व्हायचंय ना? मग एकमेकांना धरून चालणारे विषय घे. रसायन सोडलंस तर जीवशास्त्रात अर्ध्या वाटेत अडशील." पण ऐकेल तर ती चिंगी कसली! उद्या सकाळी बाईंना शेवटचं सांगायचं, की सुटलो.

तिच्या बाबांचं शोभेच्या माशांचं दुकान होतं, घराच्याच पुढच्या खोलीत. दाराजवळच्या टाकीत एक जाडजूड म्हातारा सोनेरी मासा होता. गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी बाबा तो विकत नसत. सगळे त्याला आजोबा म्हणत. शाळेतून आली की चिंगी दप्तरासकट आधी आजोबांपुढे उभी राहायची.

आज आली, तर आजोबा पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत होते. चिंगी तिथूनच ओरडली.

"बाबा, लवकर या! आजोबांना काहीतरी होतंय!"

बाबा धावत आले. पाणी तर आरशासारखं स्वच्छ. त्यांनी काचेच्या नळीत थोडं पाणी घेऊन पाणी तपासायच्या औषधाचे थेंब टाकले. बघता बघता पाणी गडद हिरवं झालं.

"टाकीला कुणी हात लावला होता?"

"मी," चिंगी रडकुंडीला आली. "परवा तुम्ही बाहेर गेला होतात ना, तेव्हा टाकीतल्या गाळणीचा स्पंज धुतला. कसला मळला होता! नळाखाली धरून पिळून पिळून पांढरा केला. तुम्हाला बरं वाटेल म्हणून."

बाबांनी कपाळावर हात मारला. "अगं शहाणे, तो नळाखाली धुतात होय? टाकीच्याच पाण्यात नुसता खळबळायचा! त्या मळात चांगले जंतू असतात. टाकीची साफसफाई तेच करतात. तू सगळे झाडूवाले एका दमात हाकलून दिलेस!"

मग दोघं कामाला लागली. अर्धं पाणी उपसलं, पिंपात साठवलेलं शिळं पाणी ओतलं आणि शेजारच्या टाकीतला मळका स्पंज आणून बसवला. चिंगीचे हात चालू होते, तसं तोंडही.

"पण पाणी तर स्वच्छ होतं. जंतू साफ काय करतात?"

"माशांच्या घाणीतून अमोनिया सुटतो. त्याचं ते काय करतात, देव जाणे. थेंब हिरवे झाले की पाणी बदलायचं, एवढंच मला येतं. पुढचं तू शीक आणि मला सांग."

चिंगीने दादाचं जुनं रसायनाचं पुस्तक आणलं आणि ती स्टूल ओढून टाकीपाशीच बसली. अमोनियाला प्राणवायू जोडत जोडत जंतू त्याचं विष उतरवतात, असं तिथे समीकरणासकट लिहिलं होतं. असलीच समीकरणं बघून तिने आजवर पुस्तक मिटलं होतं! जंतू जीवशास्त्रातले, अमोनिया रसायनातला, बुडबुड्यांमुळे पाण्यात मिसळणारी हवा भौतिकातली. आणि आजोबा एकटे या तिन्हींत पोहत होते. चिंगीला स्वतःचा राग आला, आणि मग एकदम मजा वाटायला लागली. जेवणाची वेळ होईपर्यंत आजोबा खाली उतरून खडे हुंगायला लागले होते.

सकाळी तिने बाईंना रसायन सांगितलं. बाईंनी विचारलं, "एका दिवसात काय झालं गं?"

"बाई, मला मासे हवेत ना? मग पाणी सोडून कसं चालेल?"

टिकलीने गाल फुगवले. "आता त्या तासाला माझ्या शेजारी कोण बसणार?"

"कुणीही बसो. तुझ्या हातून माझा डबा तरी वाचेल," चिंगी म्हणाली, आणि टिकलीला हसू आवरेना.

घरी आल्यावर दप्तर पाठीवर तसंच ठेवून ती टाकीपुढे उभी राहिली. आजोबा सावकाश काचेजवळ आले.

"घेतलं हो रसायन," ती त्यांना म्हणाली.

बाबांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि ते स्टुलावर येऊन बसले. "हं, सांग आता. ते जंतू करतात तरी काय?"