रेकॉर्ड केलेली हाक

शैलजाशी खोटं बोलायला मला दीड मिनिट लागलं. ते निस्तरायला सात आठवडे मिळाले होते, आणि ते मी वाया घालवले.

आमचं घर प्लेनोच्या उत्तरेला, शहराची हद्द संपते तिथं आहे. मागच्या कुंपणापलीकडे ओढा, ओढ्यापलीकडे क्लेटन नावाच्या एका टेक्सनचं कुरण. मी मोरेश्वर, टेलिकॉममधून निवृत्त झालेला इंजिनियर, वय चौऱ्याहत्तर. शैलजा माझी बायको, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. अमेरिकेत येऊन आम्हाला सेहेचाळीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तिनं अन्न कचऱ्याच्या डब्यात टाकलेलं मी पाहिलेलं नाही. तिच्यानं ते होतच नाही. उरलेली पोळी कुस्करायची, दही-भातात कालवायची आणि दिवेलागणीला मागच्या अंगणात नेऊन ठेवायची. कुठल्या तरी मुक्या जिवाच्या मुखी लागेल, म्हणते. इथल्या जनावरांचं तुझ्या पोळीवाचून काही अडलेलं नाही, हे मी तिला हजारदा सांगितलं. मी सांगायचं आणि तिनं ऐकल्यासारखं करायचं, असा आमचा संसार.

आधी खारी आल्या, मग रात्री उष्टं हुंगत फिरणारे रकून आले. दोन वर्षांपूर्वी तो आला. शैलजा त्याला कोल्हा म्हणायची. हा कोल्हा नव्हे, कायोटी आहे, कोल्ह्याहून मोठा आणि कोल्ह्याहून निर्लज्ज, असं मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, असू दे, तोंड तर कोल्ह्याचंच आहे. काटकुळे लांब पाय, शेपटीचं टोक काळं, आणि डाव्या कानाचा शेंडा फाटलेला. आपल्याकडे कुत्र्याला बोलावतात तशी ती त्याला हाक मारायची. यू, यू, ये बाळा, यू. तो ओढ्यातून वर यायचा, कुंपणाच्या मोडक्या फळीतून आत शिरायचा आणि ताटली चाटून पुसून साफ करायचा. ती पायरीवर बसून त्याला दिवसभराचं सांगायची. आमचा मुलगा निमिष ॲन आर्बरला असतो आणि रविवारी अकरा मिनिटं फोन करतो. माझ्याशी बोलायचं तर मी तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यातली चूक काढतो. मग तिनं बोलायचं कोणाशी?

तीन घरं सोडून विनीता राहते. नागपूरची, आयटीत, व्हिसावर आलेली. नवरा प्रोजेक्टसाठी आठवडाभर बाहेरगावी, त्यामुळे तिची पाच वर्षांची आरोही शाळा सुटल्यावर आमच्याकडे असायची. मार्चमधल्या एका मंगळवारी शैलजा आत कुकर लावत होती आणि मुलीवर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे होतं. मी बातम्या वाचत होतो. आरोही पोळी घेऊन एकटीच मागच्या अंगणात गेली, आजीसारखं यू-यू केलं आणि पोळी खाली न ठेवता हातातच धरली. त्यानं पोळी घेतली आणि पोळीबरोबर मनगटही. दोन दात रुतले. आम्ही धावत गेलो तेव्हा तो पळून गेला होता आणि पोर रडत रडत शैलजालाच समजावत होती, “आजी, ही वॉज जस्ट हंग्री.”

हॉस्पिटलात रेबीजची इंजेक्शनं लगेच सुरू झाली. जखमेत इंजेक्शन दिलं तेव्हाचं तिचं रडणं तर मला बाहेर कॉरिडॉरमध्ये ऐकवेना. दुसऱ्या दिवशी काउंटीच्या प्राणी-विभागाचा माणूस चौकशीला आला. जनावराला खायला कोण घालत होतं, असं त्यानं विचारलं, तेव्हा शैलजानं वर्गात करतात तसा हात वर केला. मग ती विनीताकडे गेली आणि तो माणूस मला ड्राइव्हवेत उभं करून पुढचं सांगू लागला. जनावराला रेबीज नव्हता हे सिद्ध झालं तर मुलीची उरलेली इंजेक्शनं थांबवता येतील. पण ते सिद्ध करायला त्याचा मेंदू प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. जिवंत जनावराची तपासणी होत नाही.

शैलजा परत आली आणि तो काय म्हणाला म्हणून तिनं विचारलं. मी म्हणालो, पिंजरा लावून पकडतील, रक्त तपासतील आणि सोडून देतील. ती एवढंच म्हणाली, “मग बरं आहे.” मला वाटलं, तिला खरं सोसणार नाही. तिला काय सोसेल आणि काय नाही हे ठरवायची मला फार जुनी सवय आहे.

काउंटीच्या माणसानं या कामासाठी क्लेटनचंच नाव दिलं होतं. क्लेटन साठीचा, मोजकं बोलणारा. कायोटी वासरांमागे लागले की आसपासचे रँचवाले त्याला बोलावतात. त्याचं काम म्हणजे कायोटीला आवाज देऊन समोर आणायचं. वारा आपल्या तोंडावर येईल असं झुडपाआड बसायचं, चाळीस पावलांवर गवतात स्पीकर ठेवायचा आणि रिमोटनं मरणाऱ्या सशाचं किंचाळणं लावायचं. कायोटीला वाटतं, आयतं जेवण आहे. कान फाटलेला नेमका तोच, हे ओळखायला कोणी तरी हवं होतं, म्हणून मी बरोबर गेलो. शैलजाला सांगितलं, पिंजरा कुठं लावायचा ते दाखवायला चाललोय.

बुधवारी संध्याकाळी तो ससा अर्धा तास किंचाळला. तान्हं मूल रडावं तसा आवाज होता आणि तो ऐकत गप्प बसायचं होतं. लांबून दोघा-तिघांनी कुई करून उत्तर दिलं, आलं मात्र कोणी नाही. गुरुवारी क्लेटननं स्वतःच्या हाताच्या पाठीवर ओठ दाबून उंदरासारखं चिरकायला सुरुवात केली. ओढ्याच्या काठावर एक सावली दिसली. तिनं वाऱ्याचा अंदाज घेत लांबून वळसा घातला, आमचा वास लागल्याबरोबर थांबली आणि नाहीशी झाली. क्लेटन म्हणाला, याला पूर्वी कोणी तरी असल्याच आवाजांवर बोलावलंय आणि गोळी चुकलीय. आता हा ससा-उंदराला भुलणार नाही. मग त्यानं विचारलं, तुमच्याकडे तो कशाच्या आवाजाला येतो?

मी सांगितलं. सांगताना मला लाज वाटली. क्लेटन हसला नाही. म्हणाला, तसं बोलावून बघ. कुरणात गुडघ्यावर बसून मी सात-आठ वेळा यू-यू केलं. गवताचं पातंसुद्धा हललं नाही. क्लेटन म्हणाला, तिचाच आवाज लागेल, फोनवर घेऊन ये, मी स्पीकरवर चढवतो.

शुक्रवारी सकाळी शैलजा कणीक मळत होती. मी म्हणालो, तुझा आवाज ऐकला तर तो पिंजऱ्यात लवकर जाईल. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि मी फोन पुढं धरला. तो समोर नसताना बोलावणं तिला अवघड गेलं. पहिल्यांदा तिचा आवाज फाटला. ती म्हणाली, पुन्हा घ्या, असा आवाज ऐकून घाबरेल तो. दुसऱ्यांदा नीट आलं. मग तिनं एका डब्यात दही-भात आणि कुस्करलेली पोळी भरून दिली, पिंजऱ्यात ठेवायला.

“दुखणार नाही ना त्याला?” तिनं विचारलं.

“सुई टोचेल तेवढंच,” मी म्हणालो.

संध्याकाळी मी तिला विनीताकडे पाठवलं. आरोही तुझी आठवण काढतेय असं सांगितलं, आणि ते खरंही होतं.

डब्यातलं अन्न मी स्वतः स्पीकरसमोर ठेवलं. झुडपाआड बसल्यावर क्लेटननं मला हळूच आठवण करून दिली की तो छातीत मारणार आहे, कारण लॅबला डोकं शाबूत लागतं. मी मान डोलावली. त्यानं रिमोट दाबला आणि शैलजाचा आवाज सगळ्या कुरणभर पसरला. यू, यू, ये बाळा. घरात ती कधी एवढ्या मोठ्यानं बोलत नाही. तिच्या आवाजात इतकी माया आहे हे मला तिथं, एका बंदुकीशेजारी बसून कळलं.

दुसऱ्या हाकेला तो ओढ्यातून वर आला. वळसा नाही, वारा हुंगणं नाही. शेपूट खाली सोडून दुडक्या चालीनं सरळ येत राहिला. तीस वर्षांत असा सरळ आलेला कायोटी पाहिला नाही, असं क्लेटन ओठांतल्या ओठांत म्हणाला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. डावा कान फाटका होता. मी हो म्हणून खूण केली. गोळी त्यानं घातली हे खरं, पण ही खूण माझी होती. कायोटी स्पीकरपाशी थांबला, त्यानं त्या बोलणाऱ्या खोक्याकडे पाहिलं, मग मागं, आजूबाजूला पाहिलं. कोणी दिसेना तेव्हा मान खाली घालून खायला लागला. खाता खाता त्याची कूस आमच्याकडे वळली आणि क्लेटननं गोळी झाडली.

तो जागच्या जागी कोसळला. रेकॉर्डिंग चालूच होतं. क्लेटनच्या हातून रिमोट गवतात पडला होता, तो सापडेपर्यंत शैलजा आणखी तीनदा म्हणाली, ये बाळा.

सोमवारी रिपोर्ट आला. रेबीज नव्हता. तिसरं इंजेक्शन दुसऱ्याच दिवशी होतं, ते टळलं. विनीता फोनवर रडली, थँक यू काका म्हणाली. मी फुशारकीनं स्वयंपाकघरात जाऊन शैलजाला सांगितलं. तिनं देवापुढं साखर ठेवली आणि विचारलं, “मग सोडलं त्याला?”

त्या क्षणी सांगता आलं असतं. मुलगी वाचली होती, आता लपवण्यात काही हशील नव्हतं. मी म्हणालो, “हो. ओक्लाहोमाच्या बाजूला, एका रँचवर.”

आरोही पुन्हा आमच्याकडे आली नाही. विनीतानं तिला डेकेअरमध्ये घातलं. काकू, तसं काही नाही हो, ऑफिसच्या रस्त्यावर आहे म्हणून कन्व्हिनियंट पडतं, असं ती दारात उभी राहूनच म्हणाली. शैलजानं तिला लाडू बांधून दिले.

आणि रोज दिवेलागणीला शैलजा मागच्या अंगणात जाऊन त्याला बोलावत राहिली. ताटली ठेवायची, पायरीवर बसायची, हाक मारायची. अर्ध्या तासानं ताटली उचलून आत यायची आणि मला त्या रँचबद्दल काही तरी विचारायची. पाणी आहे का तिथं? इतर कायोटी त्याला घेतील का त्यांच्यात? मीही उत्तरं देत गेलो. तळं आहे. दाट झाडी आहे. रँचवाला भला माणूस आहे, फोटो पाठवणार आहे. मला तपशिलात काम करायची सवय, त्यामुळे रँच दिवसेंदिवस चांगला होत गेला. ती माझ्या तोंडाकडे बघत सगळं ऐकून घ्यायची. संध्याकाळचे सहा वाजले की मला धडकी भरायची, आणि मी टीव्हीचा आवाज मोठा करून बसायचो. तरी हाक ऐकू यायची ती यायचीच.

मे महिन्यात एका संध्याकाळी मला ते असह्य झालं. मी बाहेर गेलो आणि जरा चढ्याच आवाजात म्हणालो, “शैला, पुरे आता. दोनशे मैलांवरून ऐकू जाणार आहे का त्याला?”

तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. रागानं नाही.

“अहो, गोळीचा आवाज विनीताच्या किचनपर्यंत आला होता. आरोहीनं विचारलं काय झालं म्हणून. मी सांगितलं, कोणी तरी दार आपटलं.”

मग सात आठवडे रोज कोणाला बोलावत होतीस, असं मी विचारलं.

“कोणाला नाही. तुम्ही कधी सांगता ते बघत होते.”

“तुला सोसलं नसतं,” मी म्हणालो. तोंडातून तेच निघालं.

“मला विचारलंत कधी?” ती म्हणाली. “पोरीला सुया टोचत होत्या. चूक माझ्या हातनं झाली होती. खरं सांगितलं असतंत तर मी स्वतः गेले असते त्या कुरणात. रडले असते, पण माझ्या तोंडानं बोलावलं असतं त्याला आणि शेवटपर्यंत समोर उभी राहिले असते. तुम्ही माझा नुसता आवाज नेलात.”

मी चुकलो म्हणालो. ती म्हणाली, आता काय उपयोग, आणि आत जाऊन भाजी गरम करायला लागली. त्या दिवसापासून ती माझ्याशी एकदाही भांडलेली नाही. मी काहीही सांगितलं की ती बरं म्हणते. डॉक्टरांची अपॉइंटमेंट सांगितली तरी बरं, निमिषचा फोन आला होता म्हटलं तरी बरं. परवा मी तिला म्हणालो की मला खरंच फार वाईट वाटतंय. त्यालाही ती बरं म्हणाली.