अंगठा वहिनींचा

सकाळी उंबऱ्यात बसून धाकटी जाऊ वहिनींच्या अंगठ्याला तेल चोळत होती. चार दिवस त्यांना चुन्याच्या भट्टीवर जायचं नव्हतं, खरकट्या भांड्याला हात लावायचा नव्हता. नवरा गेल्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून त्यांचा हात कुणी हातात धरला नव्हता. त्यांना बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय याची लाज वाटायची.

लाड कशाचे, ते ठाऊक होतं. सरकारने विधवांना पेन्शनची खाती उघडून दिली होती, बँकेचं यंत्र दारापर्यंत आणलं होतं. अंगठा टेकला की पैसे हातात. पण चुना कालवून कालवून वहिनींच्या बोटांच्या रेषा विरत चालल्या होत्या. गेल्या खेपेला यंत्राने मोठ्या मुश्किलीने ओळख दिली, म्हणून यंत्र यायच्या आधी चार दिवस हे तेल, ही विश्रांती. पण खातं दिराचं, अंगठा नुसता साक्षीचा, असं त्यांना सांगितलेलं. दीर भट्टीवर मुकादम. त्याच्या शब्दावर शंका घ्यायची घरात रीत नव्हती. खोकून खोकून छातीचा भाता झाला, तरी वहिनींनी औषधाला पैसे मागितले नव्हते.

दुपारी यंत्र घेऊन नवीनच बाई आली. तिने पासबुक उघडलं, नाव वाचलं आणि दिराला ओलांडून वहिनींकडे पाहिलं.

"खातं तुमचं एकटीचं आहे. किती काढू?"

किती, असं त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं, जेवायला वाढतानासुद्धा नाही.

"सगळे," दीर म्हणाला.

वहिनींनी पासबुक उचललं, हात पदराखाली घेतला. "नको भाऊजी. मला डॉक्टरला छाती दाखवायचीय."

दीर चिडला असता तर बरं. तो हसला. "पैसा तुमचाच की, वहिनी. उद्या कामावर या म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी भट्टीवर सगळ्यांना फावडी मिळाली, वहिनींना नाही. आठ दिवस त्यांनी ओला चुना उघड्या हातांनी उपसला. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटत गेली. जावेने तेलाची बाटली वरच्या फळीवर ठेवून दिली.

नवव्या दिवशी वहिनी चालत बँकेत गेल्या. कारकुनाने दहाही बोटं टेकवून घेतली. एकही उमटलं नाही.

"मावशी, यंत्र म्हणतंय ह्या तुम्ही नाहीच."

पासबुकावर त्यांचा फोटो होता. तो त्याने पाहिला नाही. अंगठा न उमटणाऱ्यांसाठी नियमात वेगळा फॉर्म होता. फॉर्म कपाटात, किल्ली साहेबांकडे, आणि साहेब जेवायला गेलेले. मागून कुणीतरी म्हणालं, आटपा, आम्हालाही कामं आहेत.

वहिनी हलल्या नाहीत. सोललेले दोन्ही तळवे त्यांनी काचेवर ठेवले.

"मी उभी आहे ना समोर. बघा की माझ्याकडे."

रांगेत तीसेक माणसं होती, आपल्यासारखीच, चांगल्या घरची. सगळी यंत्राकडे बघत राहिली.