मेल्या का गं?

“मेल्या का गं?” काकूंनी फोन उचलताच पलीकडून अक्काने विचारलं.

काकूंना या प्रश्नाचा वीट आला होता. प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. काकूंनी लेकरांसारखं खाऊपिऊ घालायचं आणि प्रयोगशाळेच्या सरांनी नवं औषध घालून मारायचं. थोरल्या बहिणीला, अक्काला, तोच आजार निघाल्यापासून रोज सकाळी ही चौकशी.

“अजून बघितलं नाही. आणि हे औषध तुझ्यापर्यंत यायला वर्षं लागतील, कितीदा सांगू?”

“लागू देत. कसं मारता म्हणालीस?”

“पेशीत एक जनुक असतं, ते तिला मरू देत नाही. त्याला गप्प करायचं. मग ती आपली आपण मरते.”

“गप्प करायला एवढा खटाटोप? माझ्याकडे पाठवा. तुझ्या भावोजींना मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गप्प केलं.”

“तुला कोण गप्प करणार ते सांग,” म्हणून काकूंनी फोन ठेवला. साठ वर्षांत अक्काचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

आत सर सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसले होते. “काकू, मेल्या. सगळ्या मेल्या.”

काकूंनी पाहिलं. औषध घातलेल्या थाळीत खरंच एकही जिवंत नव्हती. त्यांना रडूच आलं, हात फोनकडे गेला. मग सवयीने त्यांनी दुसरी थाळी बघितली, औषध न घातलेली. हिच्यातल्या जगायला हव्या होत्या. त्याही मेल्या होत्या.

काकूंनी पेशींची उबदार पेटी उघडली. हवा दमट ठेवणारा पाण्याचा ट्रे कोरडा ठणठणीत. तीन दिवस त्या अक्काबरोबर इस्पितळात होत्या. जाताना सरांना दोनदा बजावलं होतं. सर म्हणाले होते, मी बघतो.

“पाण्याविना मेल्यात, सर. औषधाने नाही.”

सर कपाळाला हात लावून बसले. “ही बिनऔषधाची थाळी हिशेबात धरलीच नाही तर?”

“बावीस वर्षं धरत आलेय,” म्हणत काकूंनी वहीत दोन्ही थाळ्यांपुढे एकच शब्द लिहिला: मेल्या. संतापाने अक्षर वाकडं आलं.

फोन वाजला. “बघितलंस? मेल्या का?”

“मेल्या गं. पण फुकट मेल्या. पुन्हा पहिल्यापासून.”

काकू टोमण्याची वाट पाहत राहिल्या. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

“अक्का, बोल ना गं काहीतरी.”

फोन खांद्याने कानाशी धरून त्यांनी ट्रेमध्ये पाणी ओतायला घेतलं. ट्रे काठोकाठ भरला, तरी अक्का बोलली नाही.