नराच्या पोटात गाभोळी

“बोला, नर की मादी?”

“नर!” काठावरची गर्दी एका सुरात ओरडली.

मत्स्यबाबांनी मासा उंच धरला. त्याच्या तोंडावरचे खरखरीत दाणे पुढच्या रांगेतल्या बायकांना चाचपू दिले. ती नराची खूण, हे नदीकाठच्या सगळ्यांनाच ठाऊक. मग सुरी फिरली. पोटातून नराची पांढरी ग्रंथी निघाली आणि तिच्यात चक्क केशरी दाणे. गाभोळी! नराच्या पोटात माशाची अंडी!

एकच गलका झाला. माझ्या शेजारच्या शिंप्याने चष्मा काढून डोळे पुसले. मीही चष्मा पुसला, पण माझ्या काचेवर माशाचं पाणी उडालं होतं.

“पाहिलंत?” बाबा माइकवर गरजले. “जिथं नराची कूस भरते, तिथं नारीची का भरणार नाही? या नदीत बारका मासा औषधालाही सापडायचा नाही! सगळे पुष्ट, सगळे भरलेले! नदीचा हा गाळ पोटाला लावा, हा मासा खा आणि डॉक्टरला रामराम ठोका. औषध आणि आशीर्वाद एका घरात नांदत नाहीत!”

हे शेवटचं वाक्य माझ्याच घरात नांदायला आलं होतं. लग्नाला बरीच वर्षं होऊनही माझ्या लेकीला मूल नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी उपचार सुरू केले होते, ते तिने मध्येच सोडले. आता माहेरी येऊन ती पोटाला गाळ थापून पडून असायची आणि जावई पिशव्या भरभरून मासे आणायचा. तिला समजवायला मी तिच्या खोलीच्या दारापर्यंत जायचो आणि “चहा घेतेस का?” एवढं विचारून परत यायचो.

“पुस्तकं वाचून वाचून तुम्हाला सगळ्याचीच शंका येते,” ही, म्हणजे माझी बायको, म्हणायची.

“नाही गं, मला माझ्या शंकेचीही शंका येते,” मी म्हणायचो, आणि ते खरंच होतं.

शेवटी मी धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं. तिने जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. इतके बेडूक चिरले, की मुलं तिला बेडूकबाई म्हणत. मी दबकत वागतो, त्याची भरपाई म्हणून देवाने तिला आवाज दिला असावा. आज ती पर्समध्ये भिंग घालूनच आली होती.

“थांबा, मला बघू द्या,” म्हणत ती गर्दीतून पुढे घुसली आणि चिरलेल्या माशावर वाकली. आता पकडणार, मला वाटलं.

“खरं आहे,” ती म्हणाली. “मासा नरच आहे. आणि ही अंडीच आहेत.”

टाळ्यांचा कडकडाट. ही माझ्याकडे वळून म्हणाली, “बघा! वन्संसुद्धा मान्य करतायत.” मला वाटलं, नदीने पोटात घ्यावं.

बाबा खुलले आणि पुढे जावयाबरोबर बसलेल्या माझ्या लेकीकडे त्यांनी बोट दाखवलं. “या लेकीचे वडील कुठे आहेत? या, या, अनुभव सांगा!”

हिने मागून असा धक्का दिला, की मी थेट माइकसमोर जाऊन थांबलो. मी आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केली. तिथे न बोलण्याचाच पगार मिळतो. पाय लटपटू लागले. बाबांचंच बोलणं डोक्यात घोळत होतं, तेच तोंडातून बाहेर पडलं.

“म्हणजे… माझं चुकत असेल… पण बारका मासा सापडत नाही म्हणता. सगळे भरलेले आहेत, तर मग… पिल्लं कुठे आहेत?”

कुणीतरी फस्सकन हसलं. मग हसू थांबलं.

“पिल्लं खोल पाण्यात तप करतात!” बाबा म्हणाले.

“खोल पाण्यात?” बेडूकबाई कडाडली. “पिल्लं काठच्या उथळ पाण्यात असतात. खोलात गेली तर मोठे मासे त्यांचा नाश्ता करतील! आणा ती मच्छरदाणी.”

बाबांच्या आसनावर मच्छरदाणी टांगलेली होती. मासे त्यांचं ऐकत असले तरी डास ऐकत नसावेत. शिंपी आणि जावई तिची टोकं धरून पाण्यात उतरले आणि त्यांनी सगळा काठ चाळून काढला. हाती आली एक चप्पल, दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि थोडे पाणकिडे. पिल्लू एकही नाही.

“या दिवसांत इथं पोरांच्या ओंजळीत पिल्लं यायची,” शिंपी पुटपुटला.

“बाबा,” बेडूकबाई म्हणाली, “तुमचे मासे स्वतःच निपुत्रिक आहेत हो!”

मग तिने गर्दीला वर्गासारखं खाली बसवलं. “नीट ऐका. नर आणि मादी घडवण्याचा निरोप शरीरात हार्मोन नेतात. जशी कुलपाला किल्ली. वरच्या अंगाला कपडे धुण्याचा कारखाना आहे आणि आपल्या गटारांचा नाला आहे. त्यातल्या काही रसायनांची घडण मादीच्या हार्मोनसारखी असते. बनावट किल्ली म्हणा ना. ती गाळात साठतात, मासे तो गाळ चिवडत खातात आणि नराचं शरीर फसतं. ही भरली कूस नाही, बिघडलेला नर आहे. मोठे मासे जुने किंवा वरून वाहत आलेले. नवे जन्मतच नाहीत. हा माझा अंदाज आहे, गाळ तपासून घेऊ.”

“आत्या, मग मी खाल्लं ते?” लेकीने घाबरून विचारलं.

“एवढ्याने मूल होणारच नाही, असं मी म्हणणार नाही. पण त्याने मूल होईल असं म्हणणारा खोटारडा आहे. ते पोट धू आधी. आणि काय हो जावईबापू, बाबांनी निदान नर तरी तपासला. तुम्ही तपासणी केलीत?”

जावई मच्छरदाणीत होता. तिथेच राहावंसं त्याला वाटलं असणार. “डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या,” तो हळूच म्हणाला, “पण मला लाज वाटली. म्हणून मीच हिला इथं आणलं.”

लेकीने नदीचं पाणी टाळून नळावर जाऊन पोट स्वच्छ धुतलं आणि म्हणाली, “अप्पा, उद्या आम्ही दोघं डॉक्टरीणबाईंकडे जाणार आहोत. दारात येऊन चहाचं विचारू नका. सरळ सोबत चला.”

या गडबडीत बाबा कधी सटकले ते कुणी पाहिलं नाही. मच्छरदाणी मात्र राहिली.

पुढे गाळ तपासला, बेडूकबाईचा अंदाज खरा निघाला. पण नाला अजून वाहतोच आहे. तो बंद व्हावा म्हणून ती रोज कुठल्या ना कुठल्या कचेरीत जाऊन बसते. मला त्या कचेरीतल्या लोकांची दया येते.

माशांचा काही दोष नव्हता. त्यांच्या शरीरात तोतया शिरला आणि त्याला ‘तू कोण?’ असं विचारायची त्यांना सोय नव्हती. आपल्याला आहे. पाय लटपटले तरी चालतील, आवाज चिरका निघाला तरी चालेल. पण कुणी चमत्कार दाखवला, तर टाळी वाजवण्याआधी एवढं तरी विचारा: पिल्लं कुठे आहेत?