उंदरांचं पांघरूण

शेवटी नवा एप्रनही उंदरांनाच मिळाला. पण असं काही घडलंच नाही, असं एक्स-रे विभागाने एकमताने ठरवलं आहे. तेव्हा आपणही ते कानाआड करू आणि पहिल्यापासून बघू.

पहिल्यापासून म्हणजे पुदिन्यापासून. विभागाच्या साहेबांनी कुठेतरी वाचलं की पुदिन्याचा अर्क पाजलेले उंदीर किरणांचा मारा जरा बरा सोसतात. वाचून माणसं गप्प बसतात, साहेब बसले नाहीत. एक्स-रेच्या खोलीत दोन पिंजरे आले. एकातल्या उंदरांना अर्क, दुसऱ्यातल्यांना साधं पाणी. दोन्ही पिंजऱ्यांना एकेक बिल्ला लावला. तोच, जो टेक्निशियनच्या छातीवर असतो आणि अंगावर किती किरण आले ते मुकाट्याने मोजत राहतो.

अर्कवाले उंदीर लाजरे निघाले. उजेडात वाटीला तोंड लावेनात.

"काहीतरी काळं टाक गं त्यांच्यावर," साहेब टेक्निशियनबाईला म्हणाले.

हाताशी जे होतं ते तिने टाकलं. तो होता किरण अडवणारा शिशाचा एप्रन, विभागातला एकुलता एक धड. दुसराही होता म्हणा, पण लोकांनी तो खुंटीला टांगायचा सोडून घड्या घालून घालून ठेवल्यामुळे आतलं शिसं नेमकं पोटावर चिरलं होतं. धड एप्रन उंदरांवर टाकताना तिला काही वाटलं नाही. मग तिला दिवस गेले, आणि वाटायला लागलं. फिरतं मशीन ढकलत वॉर्डात न्यायचं, खाटेपाशी उभं राहून फोटो काढायचे. तिथे आडोशाला भिंत नसते. असतो तो एप्रनच.

"सर, पिंजऱ्यावरचा एप्रन घेऊ का?"

"प्रयोग चालू असताना अट बदलायची नसते."

"मग माझं काय?"

"तू अर्क घे की!" साहेबांनी मायेने बाटली पुढे केली. "निकाल बघितलास? पाणीवाल्यांच्या बिल्ल्यावर किरणांची नोंद आहे, अर्कवाल्यांच्या बिल्ल्यावर काहीच नाही. काहीच!"

"सर, अर्क उंदरांनी प्यायला. बिल्ला प्लॅस्टिकचा आहे."

"संगतीचा परिणाम."

"वर शिसं आहे, सर."

"शिसं कुणी प्यायलंय का? नाही ना? मग?" तिने बाटली हळूच मागे सरकवली. साहेबांना वाटलं, पटलं. "बरं, पाला नको तर रासायनिक बघू. एक इंजेक्शन आहे, कॅन्सरच्या काही रुग्णांना किरणांच्या आधी देतात. उलट्या मात्र फार होतात."

"त्या मला इंजेक्शनाशिवायच होतायत, सर."

"बघ, अर्धं काम झालं."

घरी सासूबाईंनी हे ऐकलं आणि हातातला चमचा खाली ठेवला. "म्हणजे उंदरांना पांघरूण आणि माझ्या सुनेला सरबत?"

"अर्क, आई."

"नाव काहीही दे. पोटावर घालायचं आहे ना, पोटात नाही? त्या माणसाला एवढा फरक कळत नाही, आणि तो लोकांची हाडं वाचतो?"

सुनेने नव्या एप्रनसाठी मागणी केली, आठवण करून दिली, पुन्हा मागणी केली आणि एप्रन खरोखरच आला. तिने अंगावर चढवला, नाडीची गाठ मारली. एवढ्यात प्रयोग तपासायला बाहेरून आलेले परीक्षक पिंजऱ्यांपाशी थबकले.

"एक पिंजरा झाकलेला आणि दुसरा उघडा? दोन्ही गटांना सारखी वागणूक हवी."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. मग तिच्याकडे. "सोड गाठ."

आता दोन्ही पिंजरे शिशाखाली होते आणि दोन्ही बिल्ले कोरे. साहेबांनी दोन्ही बिल्ले शेजारी शेजारी धरून न्याहाळले. तिला वाटलं, आता तरी डोक्यात प्रकाश पडेल.

"कमाल आहे," साहेब हळूच म्हणाले. "पाणीवाल्यांपर्यंत नुसता वास पोचला, तरी गुण आला!"

वासच पुरतो म्हणून त्या दिवसापासून तिच्यासाठीचा अर्कही बंद झाला. चिरलेल्या एप्रनच्या खिशात ठेवायला तिला पुदिन्याची एक काडी मिळू लागली.

सासूबाईंनी ती काडी दोन बोटांत धरून उजेडात फिरवून पाहिली. "लिही," त्या म्हणाल्या, "आणि चांगल्या भाषेत लिही. असल्यांना चांगल्या भाषेशिवाय काही कळत नाही."

सुनेने लिहिलं:

"सविनय विनंती करण्यात येते की, अर्जदारास प्रस्तुत प्रयोगातील तिसरा गट समजण्यात यावे व उंदरांना लागू असलेले पांघरूण प्रसूतीपर्यंत तिलाही मंजूर करण्यात यावे. अर्जदार पिंजऱ्यात बसून काम करण्यास तयार आहे. पिंजऱ्यास चाके असावीत, व तो वॉर्डातून ढकलत नेण्यासाठी एक सुदृढ उंदीर किंवा साहेब यांची नेमणूक व्हावी."