क्रुमची शेगडी

"'तारा निखळला' टाकू का, बाई? खूप जातं ते हल्ली," छापखान्यातल्या कामेनने विचारलं.

"माझ्या घरातला माणूस गेलाय, कामेन. आभाळातला नाही," नेवेना बाई म्हणाल्या.

कामेनने जीभ चावली. बाईंनी त्याला साहित्य शिकवलं होतं. त्यालाच काय, अख्ख्या गावाला. डॅन्यूबकाठच्या त्या गावात माणूस गेला की शोकपत्रक छापायचं, वर फोटो, खाली चार ओळी, आणि दारावर, झाडांवर, बसथांब्यावर डकवायचं. वर्ष भरलं की पुन्हा. निवृत्त झाल्यापासून गावाच्या त्या चार ओळी बाईच लिहून द्यायच्या. आता त्यांच्याच नवऱ्याचं, क्रुमचं वर्ष भरत होतं.

बाईंनी पर्समधून चिठ्ठी काढून दिली. कामेनने मोठ्याने वाचलं:

'तू होतास तेव्हा शेगडी पेटायची.
आता धूर घरात येतो.
नोव्हेंबर लागला आहे.
माझे हात गारठले आहेत.'

"अरे बापरे, बाई!" एवढंच तो म्हणाला आणि नाक पुसत यंत्राकडे वळला.

आता यात अरे बापरे म्हणण्यासारखं काय होतं? अक्षरन् अक्षर खरं होतं. शेगडीचं धुराडं तुंबलं होतं. ते कुठे ठोकायचं, झडप किती फिरवायची, ते क्रुमच जाणे. धुराडी साफ करणारा गावातला एकुलता एक माणूस जर्मनीला गेलेला. शेजाऱ्यांना सांगायचं, तर बाई म्हणजे मोडेन पण वाकणार नाही. जन्मभर ज्यांच्या चुकांवर लाल रेघा ओढल्या, त्यांच्यापुढे तोंड वेंगाडायचं? त्यापेक्षा लिहावं. कुणीतरी वाचेल, जिना चढून वर येईल, म्हणेल, 'बघू बाई, काय झालंय शेगडीला.' शेगडी तर पेटेलच, पण घरात माणसाचा आवाजही होईल. वर्षभरात उंबऱ्याच्या आत कुणी आलं नव्हतं.

वर्षाच्या दिवशी बाई इमारतीच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि रीतीप्रमाणे क्रुमच्या नावाने येणाऱ्याजाणाऱ्याला उकडलेले गोड गहू वाटू लागल्या. दारावर क्रुमचा फोटो हसत होता. तळमजल्यावरची रुस्का चष्मा लावून वाचायला लागली. तीही बाईंचीच विद्यार्थिनी.

"काय लिहिलंय हो बाई! धूर म्हणजे आठवणी. डोळ्यांत पाणी आणतात ना!"

"छे गं," टपालवाली स्ताम्का गव्हाचा घास गिळत म्हणाली, "धूर म्हणजे एकटेपणा. आणि नोव्हेंबर म्हणजे म्हातारपण. सरळ आहे."

"अगं रुस्का, खरंच धूर येतो," बाई म्हणाल्या. "डोळे चुरचुरतात."

"येणारच हो बाई. कळतं आम्हाला. तुम्हीच सांगायचात ना, कवितेत विहीर दिसली की नुसतं पाणी बघू नका, तहान कुणाची ते विचारा! एवढ्या का आम्ही ढ राहिलो?" रुस्काने त्यांचा गारठलेला हात हातात घेतला, मायेने चोळला आणि ती आपल्या उबदार घरात निघून गेली.

आपलेच दात, आपलेच ओठ. बाईंना रडू यायला लागलं आणि हसूही.

शेवटी कामेन आला. दोन पांढरी फुलं त्याने दाराच्या कडीत खोचली. मोठा बाप्या, पण फळ्यापुढे उभं केल्यासारखा चुळबुळत राहिला.

"बाई, मी सांगू? शेगडी म्हणजे क्रुमकाकाच. ते पेटवायचे नाहीत. तेच पेटायचे, तुमच्यासाठी."

बाईंनी वर पाहिलं. 'वर चल जरा,' एवढंच म्हणायचं होतं. एका शब्दावर तो धावत गेला असता, कोपरापर्यंत काजळी माखून धुराडं मोकळं केलं असतं त्याने. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण कामेन श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत होता. शाळेत त्याला तिनाच्या वर गुण कधी मिळाले नव्हते.

"सहा," बाई म्हणाल्या. "सहापैकी सहा, कामेन."

त्याचा चेहरा असा उजळला की बाईंना पुढे काही बोलवेना. त्याने त्यांचा हात ओठांना लावला आणि तो गेला. गहू संपले होते. रिकामं पातेलं काखेत धरून बाई जिना चढल्या. आपल्या दारापाशी थांबून त्यांनी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून घेतली आणि मग कुलपात किल्ली फिरवली.